एक जिल्हा, तीन गाऱ्हाणी

निरनिराळ्या देशांतील राजकीय पक्षांची तुलना करावयाची म्हटली म्हणजे विद्वानांचा पहिला कल पक्ष मोजण्याकडे होतो. इंग्लंडात मुख्य पक्ष दोन, स्वीडनमध्ये दीर्घकाळ पाच, फ्रान्सात किती ते दर निवडणुकीगणिक वेगळे, अशी नोंद झाली की त्या संख्येचे कारण शोधावयाचे आणि ते बहुधा मतदानाच्या पद्धतीत सापडावयाचे, असा हा शिरस्ता आहे. मॉरिस द्यूव्हर्जे या फ्रेंच पंडिताने १९५१ साली या विचाराला सिद्धांताचे रूप दिले. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी आणि ज्याला सर्वांत अधिक मते तो विजयी, अशी पद्धत असेल तर देश द्विपक्षीयतेकडे झुकतो आणि मतांच्या प्रमाणात जागा वाटल्या तर पक्षांची वाढ होते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९६७ मध्ये लिपसेट आणि रोक्कान यांनी प्रश्नाची दिशाच फिरविली. पक्ष कायद्यातून जन्मत नाहीत, धर्म आणि राज्य, जमीनदार आणि कारखानदार, मालक आणि मजूर, राजधानी आणि सीमाप्रदेश यांच्यातील जुन्या भांडणांतून ते जन्मतात, असे त्यांनी मांडले. ज्या वर्षी हा प्रबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी मद्रास राज्यात काँग्रेसची सत्ता गेली आणि ती तेथे आजतागायत परतलेली नाही, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या दोन मतांचा निवाडा देशादेशांची तुलना करून होणे कठीण आहे, कारण दोन देशांत कायदाही वेगळा असतो आणि समाजही वेगळा असतो. मग फरक कशामुळे पडला हे सांगावयाचे कोणी? त्यापेक्षा एकाच कायद्याखाली, एकाच मुलखात, निरनिराळ्या गाऱ्हाण्यांचे काय झाले हे पाहावे आणि मग त्याच्या उजेडात परदेश न्याहाळावेत, हा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो. त्यासाठी मी तंजावरचा जुना जिल्हा निवडला आहे. आज त्याचे तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि मयिलाडुतुरै असे तुकडे झाले आहेत. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा सलग भाताचा मुलूख एके काळी एकाच जिल्हा कचेरीखाली होता, आणि मराठी माणसाला तर तो व्यंकोजीराजांपासून आपल्या इतिहासाचाच एक महाल वाटत आला आहे. या जिल्ह्यात विसाव्या शतकात तीन समाजांना आपली राजकीय गाऱ्हाणी होती. ब्राह्मणेतरांचे गाऱ्हाणे जातीचे होते, शेतमजुरांचे मजुरीचे होते आणि मराठी भाषिकांचे भाषेचे होते. पहिल्याने राज्य मिळविले, दुसऱ्याला लहान पण चिवट पक्ष लाभला, तिसऱ्याला पक्ष म्हणून काहीच लाभले नाही. १९५२ पासून तिघांनाही कायदा एकच होता. मतदानाची पद्धत पक्षांची संख्या ठरवीत असेल, परंतु कोणत्या दुःखाला पक्ष लाभावा आणि कोणत्याला लाभू नये हे ती ठरवीत नाही. ते ठरते त्या दुःखाचे धनी एकमेकांना कोठे भेटतात आणि प्रस्थापित पक्ष त्यांना कोणत्या वेळी आत घेतो यांवरून, असे माझे म्हणणे आहे.

पहिले गाऱ्हाणे मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे, कारण त्याचा एक सोदर पुण्यात जन्मला होता. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला तो १८७३ साली. मद्रासेत त्यागराय चेट्टी, टी. एम. नायर आणि नटेश मुदलियार यांनी ब्राह्मणेतरांची संघटना उभारली ती १९१६ साली, आणि तीच पुढे जस्टिस पक्ष म्हणून ओळखली गेली. म्हणजे विचाराची वडीलकी महाराष्ट्राकडे होती. असे असूनही ब्राह्मणेतर चळवळीचे स्वतंत्र, टिकाऊ, सत्ताधारी पक्षात रूपांतर झाले ते मद्रासेत. महाराष्ट्रात झाले नाही. याचे उत्तर दोन प्रांतांतील काँग्रेसने आपले दार केव्हा आणि कसे उघडले यात आहे. १९२५ साली कांचीपुरमच्या प्रांतिक परिषदेत ई. व्ही. रामस्वामी नायकर, म्हणजेच पुढचे पेरियार, यांनी ब्राह्मणेतरांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व देण्याचा ठराव आणू पाहिला, तो आणू दिला गेला नाही, आणि चेरन्महादेवीच्या गुरुकुलातील वेगळ्या पंक्तींच्या वादाने आधीच पोळलेला हा माणूस काँग्रेसमधून बाहेर पडला तो कायमचा. उलट १९३० च्या सुमारास पुण्यात केशवराव जेधे काँग्रेसमध्ये आले, काकासाहेब गाडगिळांशी त्यांची जोडी जमली, आणि कालपर्यंत काँग्रेसला भटांची सभा म्हणणारा बहुजन समाज पाहता पाहता त्याच सभेचा कणा झाला. जेधे आणि शंकरराव मोरे यांनी पुढे शेतकरी कामगार पक्ष काढला खरा, परंतु जेधे पन्नाशीच्या दशकात काँग्रेसमध्ये परतले, आणि यशवंतराव चव्हाणांनी तर बेरजेच्या राजकारणाला राज्यकारभाराचीच रीत बनविली.

असे सामावून घेणे, म्हणजे विरोधी गाऱ्हाणे पोटात घेऊन पचविणे, ही काही महाराष्ट्र काँग्रेसचीच कला नव्हे. अमेरिकेत १८९२ साली पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी पीपल्स पार्टी नावाचा पक्ष उभारला, त्याने काही राज्यांत यशही मिळविले. पण १८९६ साली डेमोक्रॅटिक पक्षाने चांदीच्या चलनाची त्याची मुख्य मागणी उचलली, ब्रायनला अध्यक्षपदाचा उमेदवार केले, आणि शेतकऱ्यांचा पक्ष त्याच निवडणुकीत निकालात निघाला. इंग्लंडात याच्या उलट घडले. उदारमतवादी पक्षाच्या स्थानिक मंडळ्यांनी कामगारांना उमेदवाऱ्या देण्यास कुचराई केली, म्हणून कामगार संघटनांना १९०० साली स्वतःची समिती काढावी लागली, आणि पंचवीस वर्षांच्या आत त्या समितीच्या मजूर पक्षाने उदारमतवाद्यांना तिसऱ्या जागी लोटले. दोन्ही देशांत मतदानाची पद्धत एकच. फरक पडला तो प्रस्थापित पक्षाच्या शहाणपणात किंवा त्याच्या हट्टात.

येथे एक आक्षेप सहज येईल आणि तो रास्त आहे. मद्रासेतही काँग्रेसने दार उघडलेच की. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाले, ते ब्राह्मण नव्हते, उच्चवर्णीय नव्हते, आणि खुद्द पेरियारांनी त्यांना पाठिंबा दिला. मग १९६७ कसे घडले? त्या सुमाराची तांदळाची टंचाई, १९६५ चे हिंदीविरोधी आंदोलन, ही तात्कालिक कारणे झाली, आणि ती खोटी नाहीत. परंतु मूळ गोष्ट अशी की कामराजांनी दार उघडले तोवर अंगणातील माणसांनी बाहेर स्वतःचे घर बांधून घेतले होते. १९३७ साली काँग्रेसने मद्रास विधानसभेच्या २१५ पैकी १५९ जागा जिंकून जस्टिस पक्षाला भुईसपाट केले होते. तो पक्ष जमीनदारांचा आणि रावबहादुरांचा होता. तंजावरच्या सर ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्यासारखे कर्तबगार पुढारी त्यात होते, पण जिल्हा बोर्डाच्या कचेरीबाहेर त्याला पाय नव्हते. पेरियारांनी १९४४ साली त्याचे द्रविडर कळघम केले आणि निवडणुकीकडे पाठ फिरविली, सी. एन. अण्णादुरै यांनी १९४९ च्या सप्टेंबरात द्रविड मुन्नेत्र कळघम ही वेगळी चूल मांडली. मधल्या काळात जे घडले ते मतपेटीत मोजता येण्यासारखे नव्हते. गावोगावच्या वाचनालयांत, चहाच्या दुकानांत, न्हाव्याच्या बाकावर एकाने मोठ्याने वृत्तपत्र वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी एक पिढी तयार होत होती. तंजावर जिल्ह्यातील तिरुक्कुवळैचा एक मुलगा १९४२ साली तिरुवारूरला ‘मुरसोली’ नावाचे पत्रक काढू लागला, त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता. १९६२ साली हेच मु. करुणानिधी तंजावर मतदारसंघातून विधानसभेवर गेले आणि १९६९ साली मुख्यमंत्री झाले. जर्मनीच्या समाजवाद्यांवर बिस्मार्कने १८७८ पासून १८९० पर्यंत बंदी घातली होती, त्या काळात त्यांचा पक्ष गायनमंडळांत, व्यायामशाळांत आणि उसनवारीच्या ग्रंथसंग्रहांत जिवंत राहिला आणि बंदी उठताच पूर्वीपेक्षा मोठा होऊन बाहेर आला. कावेरीकाठच्या वाचनालयांनी नेमके हेच काम केले. त्यानंतर मग कायद्याने आपला हिस्सा उचलला: १९६७ मध्ये काँग्रेस आणि द्रविड मुन्नेत्र कळघम यांना प्रत्येकी सुमारे ४१ टक्के मते पडली, आणि जागा मात्र एकाला पन्नासेक तर दुसऱ्याला १३७. पद्धतीने विजय फुगविला, हे निःसंशय. परंतु विजयी कोण होणार ते पद्धत लागू होण्यापूर्वीच पुष्कळसे ठरून गेले होते.

दुसरे गाऱ्हाणे पूर्वेकडच्या, समुद्राच्या बाजूच्या तालुक्यांतले. येथे जमीन मिरासदारांची, देवस्थानांची आणि मठांची. नांगर मात्र पन्नैयाळाचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या धन्याच्या शेताला बांधलेल्या मजुराचा, आणि तो बहुधा दलित. चूक झाली की चाबूक आणि शेणाचे पाणी पाजणे या शिक्षा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे चालू होत्या. चाळीसच्या दशकात बी. श्रीनिवास राव नावाचा दक्षिण कानडातला ब्राह्मण कम्युनिस्ट पक्षाने येथे धाडला आणि त्याने वस्त्यावस्त्यांतून संघ उभारले. त्या वस्त्यांच्या तोंडाशी लाल निशाणाची काठी रोवलेली असे. ती काठी हा मजुरांचा मान होता आणि मिरासदारांच्या डोळ्यांतले कुसळ. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला मद्रास राज्यात बहुमत मिळाले नाही, कम्युनिस्टांना ६२ जागा मिळाल्या, त्यांपैकी काही याच जिल्ह्यातल्या. मुख्यमंत्री झालेल्या राजाजींनी कम्युनिस्टांना आपला पहिला शत्रू म्हटले, आणि त्याच वर्षी त्याच राजाजींनी तंजावरच्या कुळांना आणि पन्नैयाळांना हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा वटहुकूम काढला. शत्रूचे बळ तोडण्याचा मार्ग त्याची मागणी मान्य करणे हा आहे, हे त्या चाणाक्ष मुत्सद्द्याने जाणले होते.

याला फिनलंडात हुबेहूब जोड सापडते. तेथे १९०६ साली स्त्रियांसह सर्व प्रौढांना मत मिळाले, मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत आली, आणि पहिल्याच निवडणुकीत समाजवादी पक्षाने २०० पैकी ८० जागा जिंकल्या. हे मतदार गिरणीतले नव्हते. बहुसंख्य भूमिहीन आणि वेठीने कसणारी कुळे होती. १९१८ साली यादवी झाली, तांबडे हरले, आणि जिंकलेल्या पक्षाने त्याच वर्षी कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा केला. तेथे कूळ जमिनीचा धनी झाले आणि शेतकरी पक्षाकडे गेले. तंजावरात कुळाला थोडे संरक्षण मिळाले, पण मजुराला जमीन मिळाली नाही. आणि कूळ व मजूर यांच्यामध्ये जातीची भिंत होती. पश्चिमेच्या कळ्ळर जातीच्या शेतकऱ्याला द्रविड पक्षात आपले माणूस दिसले, पूर्वेच्या दलित मजुराला लाल निशाणाखेरीज दुसरे कोणी दिसले नाही. म्हणून येथला कम्युनिस्ट पक्ष मेलाही नाही आणि वाढलाही नाही.

त्या न वाढण्याची किंमत काय पडली ते कीळवेण्मणी या गावाने सांगितले. मजुरांनी मजुरीत अर्धे माप भात अधिक मागितले होते आणि लाल निशाण उतरविण्यास नकार दिला होता. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री मिरासदारांच्या माणसांनी वस्तीवर हल्ला केला. जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेल्या ४४ माणसांना, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, बाहेरून आग लावून जाळले. त्या वेळी राज्यावर ब्राह्मणेतरांच्या मुक्तीचा पक्ष होता, मुख्यमंत्री अण्णादुरै होते. त्या पक्षाने १९६९ साली पूर्व तंजावरच्या शेतमजुरांसाठी योग्य मजुरीचा कायदा केला, पुढे कमाल जमीनधारणेची मर्यादा खाली आणली, आणि एवढे करूनही आरोपी मिरासदार उच्च न्यायालयातून १९७३ साली सुटले. मला येथे स्पष्ट बोलले पाहिजे: एका गाऱ्हाण्याचा पक्ष सत्तेवर आला म्हणजे त्याच्या खालच्या थराचे गाऱ्हाणे फिटते, हा समज मद्रासेत खोटा ठरला, महाराष्ट्रातही खोटा ठरला. बहुजनांच्या राज्यात मराठवाड्याच्या दलितांनी १९७८ साली नामांतराच्या ठरावापायी जे भोगले ते आठवावे.

आता तिसरे गाऱ्हाणे, आणि ते आपल्या रक्ताचे असल्यामुळे त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकारात भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. तो समोर उभे राहून वाचू लागले म्हणजे ओळीमागून ओळ अशी किती तरी वेळ संपत नाही. त्याच देवालयाच्या पायथ्याशी राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत, आणि त्यांत कोणत्या गावाने देवाला किती भात घालावयाचे याचे माप दगडात नोंदविले आहे. मराठी लेख कोरण्याच्या चार वर्षे आधीच, १७९९ च्या तहाने, राजांनी मुलखाचा अंमल कंपनीला देऊन टाकला होता; म्हणजे वंशाची कीर्ती कोरली गेली त्या वेळी भाताचा वसूल त्या वंशाच्या हाती उरलाच नव्हता. १८५५ साली गादी खालसा झाली. मागे राहिले ते सरस्वती महालातले ग्रंथ, मोडी दप्तर आणि काही हजार मराठी कुटुंबे.

या कुटुंबांना राजकारण कळत नव्हते असे कोण म्हणेल? कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले, आणि १८८७ साली मद्रासेत काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यांचे आप्त दिवाणबहादूर आर. रघुनाथराव यांच्या मद्रासच्या घरी १८८४ च्या अखेरीस सतरा माणसे जमली आणि तेथे काँग्रेसची कल्पना निघाली, असे ॲनी बेझंट यांनी नमूद केले आहे. सामाजिक परिषदेच्या कामात हेच रघुनाथराव न्यायमूर्ती रानड्यांचे सहकारी होते. ज्या समाजातून हिंदुस्थानच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या पाळण्याला दोरी लावणारी माणसे निघाली, त्या समाजाला स्वतःच्या नावाचा एक नगरसेवकही कधी आपल्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आणावासा वाटला नाही, हे कोडे आहे.

संख्या थोडी म्हणून, असे म्हणून ते सुटत नाही. पुन्हा फिनलंडाकडे पाहावे. तेथे स्वीडिश बोलणारे आज शेकडा पाचांच्या आसपास आहेत. तेही एका अस्त पावलेल्या राज्याचे उत्तराधिकारी, त्यांचेही पूर्वज अंमलदार, सरदार, दप्तरदार. तरी त्यांनी १९०६ साली आपला पक्ष काढला, तो आजही संसदेत आहे आणि कित्येक मंत्रिमंडळांत भागीदार झाला आहे. प्रमाणशीर मतदानाने त्यांना साह्य केले हे मान्य. जर्मनीत डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला पाच टक्क्यांची अट कायद्यानेच माफ आहे, आणि तो १९४८ पासून टिकून आहे, हेही मान्य. परंतु फिनलंडातल्या त्या पक्षाचे खरे बळ हेलसिंकीच्या वाड्यांत नव्हते. ऑस्ट्रोबोथ्नियाच्या किनाऱ्यावरचे कोळी आणि लहान शेतकरीही स्वीडिशच बोलत, आणि सरदारांचा पक्ष त्यांच्या मतांवर तरला. तंजावरच्या मराठीला दरबार होता, कचेरी होती, देवघर होते, कीर्तन होते; तिला गाव नव्हते. तिचा सरदार मराठी, कारकून मराठी, परंतु शेतावरचा नांगरधारी तमिळच. ज्या भाषेत भाताची मजुरी मागितली जात नाही त्या भाषेचा पक्ष होत नसतो.

त्यातही जे थोडे होते ते एकत्र राहिले नाहीत. ब्राह्मणेतर चळवळीने तमिळनाडूचे सगळे राजकारण एका आसावर फिरविले, तेव्हा तंजावरी मराठी समाजही त्याच आसावर मधोमध चिरला गेला. देशस्थ ब्राह्मण अय्यर-अय्यंगारांच्या रांगेत मोजला गेला, आणि ब्राह्मणेतर मराठा राज्याच्या मागासवर्गीयांच्या यादीत गेला. एकाच बोलीत मुलाला निजविणाऱ्या दोन घरांचे हितसंबंध सरकारी दप्तरात परस्परविरोधी ठरले. देशस्थांची मुले नोकरीसाठी मद्रास, बंगळूर, मुंबईकडे पांगली. मराठा कुटुंबांनी स्थानिक पक्षांतून आपापली कामे करून घेतली. यात कोणाचा दोष काढावा असे मला वाटत नाही. परंतु भाषेचा प्रश्न हा संस्कृतीचा प्रश्न आहे, तो राजकारणापासून अलिप्त ठेवला की आपोआप सुखरूप राहतो, असे सांगणारी मंडळी भेटतात, त्यांच्याशी माझा विरोध आहे. ज्या भाषेला सभागृहात बोलणारा कोणी नाही, तिच्या शाळेची आणि तिच्या दप्तरखान्यातल्या जागांची आठवण अंदाजपत्रकाच्या वेळी कोणाला होत नाही. मोडीची ती रुमालेच्या रुमाले वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आणि तरीही पक्ष असला म्हणजे भागते, असेही नाही. बेळगावकडे पाहिले तर हे उमजते. तेथे मराठीला शहर आहे, गाव आहे, नांगर आहे, आणि १९४८ पासून महाराष्ट्र एकीकरण समितीही आहे. मराठी वस्ती सलग असल्यामुळे तंजावरला नडलेली हीच मतदानपद्धती समितीला अनुकूल होती, जशी ती कॅनडात १९९३ साली क्विबेकच्या पक्षाला अनुकूल झाली. देशभरात शेकडा साडेतेरा मते आणि संसदेत ५४ जागा. समितीचे आमदार दशकानुदशके बंगळूरच्या विधानसभेत गेले. परंतु २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत तिचा एकही उमेदवार निवडून आला नाही. वस्ती तीच, कायदा तोच. मधल्या काळात काँग्रेसने आणि भारतीय जनता पक्षाने मराठी भाषिकांनाच उमेदवाऱ्या देण्यास सुरुवात केली, समितीत फाटाफूट झाली, आणि ज्या मतदाराला सीमाप्रश्न सुटेल ही आशा उरली नव्हती त्याने रस्ता, पाणी आणि कर्जमाफीचा हिशेब करून मत दिले. पुण्यात १९३० साली जेध्यांच्या बाबतीत जे घडले तेच बेळगावात नव्वद वर्षांनी घडत आहे, आणि त्यातून बेळगावच्या मराठीला काय पदरात पडेल हे तिचे मराठी आमदार कानडी पक्षशिस्तीखाली सभागृहात काय बोलतात यावर अवलंबून राहील.